‘पुना’ : एका शब्दाचे दोन अर्थ आणि ज्वालामुखीवरील चढाईची योजना

स्थलनामांच्या अभ्यासवर्गात गेल्या वर्षी दक्षिण अमेरिकेतील अताकामा वाळवंटाच्या परिसरातील काही नावे आम्ही उदाहरणादाखल घेतली होती. त्यांत लिकांकाबुर ह्या ज्वालामुखीचे नाव होते. वर्ग संपल्यावर दोन विद्यार्थी मागे थांबले. दोघांनीही सह्याद्रीतील बहुतेक किल्ले पायाखाली घातलेले. ह्या पर्वतावर जाण्याचा त्यांचा विचार होता आणि त्यांनी सहा दिवसांची एक योजनाही कागदावर मांडून आणली होती. ‘‘सर, दोन दिवस सान पेद्रो ह्या गावात राहावयाचे, तिसऱ्या दिवशी मोटारीने पायथ्याशी जावयाचे आणि चौथ्या दिवशी शिखर. दोन दिवस हाताशी राखून ठेवले आहेत. पुरेसे होईल ना?’’

प्रश्न भाषाशास्त्राचा नव्हता. शिवाय प्रस्तुत लेखक गिर्यारोहक नव्हे. तथापि उत्तर शोधू लागल्यावर असे आढळून आले की, त्याचा महत्त्वाचा भाग त्याच दिवशी फळ्यावर लिहिलेल्या दुसऱ्या एका शब्दात सामावलेला होता. तो शब्द म्हणजे ‘पुना’.

‘पुना’ हा मूळचा केचुआ भाषेतील शब्द. आपल्या पुणे शहराच्या जुन्या इंग्रजी नावाशी त्याचे जे साम्य दिसते ते केवळ योगायोगाचे होय. अँडीज पर्वतराजीतील उंच, थंड, वृक्षहीन प्रदेश हा त्याचा पहिला अर्थ. शब्द स्पॅनिशमध्ये गेला आणि तेथे त्यास दुसरा अर्थ प्राप्त झाला : उंचीवर गेल्यामुळे माणसास होणारा आजार. चिली आणि आर्जेंटिना ह्या देशांतील बोलीत त्यापासून ‘आपुनार्से’ असे क्रियापदही झाले आहे; त्याचा अर्थ उंचीमुळे आजारी पडणे. भूमीचे नाव आणि त्या भूमीवर जडणाऱ्या व्याधीचे नाव एकच. अर्थविस्ताराचे सुबक उदाहरण म्हणून वर्गात आम्ही ते सांगितले आणि पुढे गेलो. परंतु ज्यास त्या प्रदेशात जावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही एक सूचना आहे. येथे व्याधी एखाद्या खिंडीत किंवा शिखराजवळ गाठ घेत नाही. ज्या भूमीवर आपण मुक्काम करतो ती भूमीच व्याधी आहे. ही सूचना मनावर घेतली तर योजनेचे स्वरूप कसे पालटते, हे दाखविणे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

१. पर्वत आणि त्याचे नाव

लिकांकाबुर हा चिली व बोलिव्हिया ह्या देशांच्या सीमेवर उभा असलेला, जवळजवळ निर्दोष शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी. त्याची उंची सुमारे ५९२० मीटर आहे. चिलीच्या बाजूस, सुमारे २४०० मीटर उंचीवर, सान पेद्रो दे अताकामा हे वाळवंटातील हिरवळीचे गाव आहे. बोलिव्हियाच्या बाजूस पायथ्याशीच लागुना व्हेर्दे, म्हणजे ‘हिरवे सरोवर’, हे खारे सरोवर पसरलेले असून त्याची उंची सुमारे ४३०० मीटर आहे. शिखरावरील विवरात सुमारे ९० मीटर लांबीचे एक तळे आहे. जगातील सर्वांत उंचावरील तळ्यांत त्याची गणना होते. विवराच्या काठावर इंकाकालीन दगडी बांधकामाचे अवशेष आहेत. लेखी नोंद असलेली पहिली चढाई १८८४ मध्ये सेव्हेरो तितिचोका ह्याने केली. परंतु ते अवशेष पाहता त्याच्या कित्येक पिढ्या आधी माणसे तेथवर जात असत हे उघड आहे.

महाराष्ट्रातील वाचकास येथे एक विरोधाभास जाणवेल. आपले सह्याद्रीचे कडेही ज्वालामुखीच्या लाव्ह्याचेच बनलेले आहेत. पण तो लाव्हा मुख्यतः भूपृष्ठाच्या भेगांतून पातळ होऊन वाहिला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून आपल्याकडे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आहेत, शंकू नाहीत. अँडीजमधील लाव्हा अधिक चिकट असतो. तो तोंडाजवळच साचतो, त्यावर राख व दगड पडतात, आणि शंकू उभा राहतो. त्या खडकास अँडेसाइट म्हणतात. हे नाव अँडीजवरूनच आले आहे. चढणाऱ्याच्या दृष्टीने ह्या फरकाचा अर्थ असा की, येथे दोर लावण्याचे कडे नाहीत. एकसारखी तीव्र होत जाणारी उतरण आणि तीवर पसरलेला सुटा दगड आहे. सह्याद्रीत आपण ज्यास घसारा म्हणतो तो येथे हजार मीटरहून अधिक उंचीचा आहे. चढाईस कौशल्य फारसे लागत नाही, ही गोष्ट खरी. आणि तीच माणसास फसविते.

‘लिकांकाबुर’ हे नाव कुन्सा भाषेतील आहे. ‘लिकान’ म्हणजे गाव, लोक किंवा त्यांची भूमी. ‘काबुर’ म्हणजे पर्वत. आमच्या लोकांचा पर्वत, असा त्याचा सरळ अर्थ. ह्या प्रदेशातील मूळ रहिवासी स्वतःस लिकान आंताय म्हणवितात. त्यांची कुन्सा भाषा आज कोणाचीही बालपणापासूनची बोली राहिलेली नाही. एमिल्यो व्हाइस व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी १८९६ मध्ये तिचा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हाच ती मावळतीस लागली होती. पुढे ती मुख्यतः स्थलनामांत आणि विधिगीतांत उरली. पाण्याचे पाट साफ करण्याच्या वार्षिक विधीत म्हटले जाणारे ‘तालातुर’ हे गीत कुन्सा भाषेतील असून त्यात पर्वतांस आणि पाण्यास आवाहन केलेले असते. जेथे पाऊस पडत नाही तेथे पाणी पर्वताकडून येते. म्हणून पर्वत गावाचा. ह्या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

२. हवा

उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नव्हे. प्रमाण तेच, म्हणजे सुमारे एकवीस टक्के, राहते. कमी होतो तो हवेचा दाब. प्रत्येक श्वासात हवाच कमी येते, आणि तिजबरोबर प्राणवायूही. समुद्रसपाटीच्या तुलनेने सान पेद्रो येथे हवेचा दाब सुमारे तीन-चतुर्थांश असतो. लागुना व्हेर्दे येथे सुमारे साठ टक्के. शिखरावर निम्म्याहून थोडा कमी.

ही गोष्ट समजण्यास माणसास बराच काळ लागला, आणि त्याचीही साक्ष भाषेत आहे. ‘पुना’प्रमाणेच ह्या आजारास ‘सोरोचे’ असेही नाव आहे. हाही केचुआ शब्द, आणि चिलीमध्ये त्याचा आणखी एक अर्थ शिशाचे खनिज असा आहे. धातूंच्या खनिजांतून निघणाऱ्या विषारी वाफांनी डोके दुखते व ओकाऱ्या होतात, अशी समजूत अँडीजमध्ये दीर्घकाळ होती. ती ह्या शब्दात गोठून राहिली आहे. होसे दे आकोस्ता ह्या जेझुइट पाद्र्याने मात्र, पेरूमधील पारियाकाका ह्या पर्वतावर स्वतः आजारी पडल्यानंतर, तेथील हवाच माणसाच्या श्वासास न मानवण्याइतकी सूक्ष्म असावी असे अनुमान केले. त्याचा ग्रंथ १५९० मध्ये छापला गेला. पॉल बेर ह्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये वायुभारावरील आपल्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवून दिले की, कारण प्राणवायूचा उणा दाब हेच होय. म्हणजे ‘सोरोचे’ हा शब्द कारणाबाबत चुकला. ‘पुना’ हा स्थळाबाबत बरोबर ठरला.

शरीर ह्या उणिवेशी जुळवून घेते, पण आपल्या गतीने. श्वास तत्काळ वाढतो. वाढलेल्या श्वसनामुळे रक्ताच्या रासायनिक समतोलात जो फरक पडतो तो मूत्रपिंडे काही दिवसांत सावरून घेतात. रक्तातील तांबड्या पेशींची वाढ होण्यास आठवडे लागतात. ह्यांपैकी कोणतीही क्रिया इच्छाशक्तीने अथवा व्यायामाने लवकर होत नाही. रोज पहाटे सिंहगड चढणारा तरुण आणि कधीही डोंगर न पाहिलेला कारकून ह्या बाबतीत जवळजवळ सारखेच असतात. किंबहुना तरुण अधिक धोक्यात असतो, कारण तो भरभर वर जाऊ शकतो. कळसूबाई, आपले सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर उंच आहे. सह्याद्रीने पाय व छाती तयार होते, रक्त तयार होत नाही.

३. दिवसांची मांडणी

वैद्यकशास्त्राने ठरविलेला नियम सोपा आहे. ३००० मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा अधिक उंच जाऊन झोपावयास खाली यावे, हे उत्तम. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, मोजावयाची उंची झोपण्याची आहे, फिरण्याची नव्हे.

आता विद्यार्थ्यांची सहा दिवसांची योजना ह्या नियमाच्या शेजारी ठेवून पाहावी. सान पेद्रोहून लागुना व्हेर्देस मोटारीने दीड-दोन तासांत पोहोचता येते. परंतु मुक्कामाची उंची एका दिवसात सुमारे १९०० मीटरांनी वाढते. नकाशावर हे अंतर बोटाच्या पेराएवढे दिसते. शरीराच्या हिशेबी ते चार-पाच दिवसांचे आहे. पुष्कळ प्रवासी असेच जातात आणि त्यांपैकी अनेक जण रात्रभर डोके धरून बसतात, हे आश्चर्याचे नाही.

मग मुक्काम कोठे करावे? ह्यासाठी एक वळसा सुचवावासा वाटतो. कालामा येथे विमानाने उतरावे. तेथील उंची सुमारे २२६० मीटर आहे. सान पेद्रो येथे तीन रात्री काढाव्या. पुढील दोन रात्री सोकाइरे ह्या सुमारे ३२०० मीटर उंचीवरील खेड्यात. तेथून दिवसा मिस्कांती व मिन्यिकेस ह्या ४१०० मीटरांच्या आसपासच्या सरोवरांपर्यंत जाऊन झोपावयास परत यावे. नंतर कालामाहून निघणाऱ्या मार्गाने बोलिव्हियातील उयुनी येथे जावे. तेथे उंची सुमारे ३६५० मीटर, दोन रात्री. तेथून मोटारीने दक्षिणेस लिपेस भागात यावे, ४००० मीटरांच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात एक रात्र राहावे, आणि मग लागुना व्हेर्देजवळच्या आश्रयस्थानी दोन रात्री काढाव्या. दहा रात्री झाल्या. अकराव्या दिवशी शिखर. ह्याखेरीज वारा, बर्फ किंवा आजार ह्यांसाठी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावे लागतात.

ला पाझमार्गे जाण्याचा मोह टाळावा. तेथील विमानतळच ४००० मीटरांच्या वर आहे. म्हणजे पहिलेच पाऊल सर्वांत कठीण पायरीवर पडते. ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध शरीरास जुळवून घेण्यास साहाय्य करते. ते घ्यावे की नाही, आणि किती, हे निघण्यापूर्वी वैद्यास विचारून ठरवावे. बोलिव्हियात कोकाची पाने चघळण्याची जुनी चाल आहे आणि तेथे ती कायदेशीर आहे. पाने चघळून तरतरी येते. परंतु त्यांनी हा आजार टळतो असे सिद्ध झालेले नाही, आणि ती पाने देशाबाहेर नेणे पुष्कळ ठिकाणी गुन्हा आहे. दिवसांची जागा औषध किंवा पान घेऊ शकत नाही.

४. उतरण्याची वाट

येथे ‘पुना’ ह्या शब्दाचा खरा उपयोग आहे. हिमालयात कोणी आजारी पडला तर त्यास दरीत उतरवितात. आधार देऊन, प्रसंगी पाठीवर घेऊन, तीन-चार तासांत पाचशे-हजार मीटर खाली आणता येते. आणि ह्या आजारावर खाली उतरणे हाच मुख्य उपाय आहे. लिकांकाबुरच्या बोलिव्हियाकडील बाजूस मात्र दरीच नाही. पर्वतावरून कितीही खाली उतरले तरी माणूस ४३०० मीटर उंचीच्या पठारावर येऊन थांबतो. पुढे दिवसभर चालत गेले तरी उंची तीच. व्याधीच्या बाहेर पडावयाचे तर भूमीच्याच बाहेर पडावयास हवे.

ते कसे? तेथून सर्वांत जवळचा उतार चिलीच्या बाजूस आहे. हितो काहोन ह्या सीमानाक्यापर्यंत आधी थोडे चढून जावयाचे, आणि नंतर सान पेद्रोपर्यंत रस्ता अखंड उतरतो : तासाभरात सुमारे २००० मीटर. म्हणजे आजाऱ्याचा प्राण तीन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली, मोटार व चालक पायथ्याशी थांबलेले असणे. पुष्कळदा मोटार प्रवाशांस सोडून निघून जाते व दुसऱ्या दिवशी परत येते. तसे होऊ देऊ नये. दुसरी, सीमेची कागदपत्रे. भारतीय प्रवाशाने चिलीचे प्रवेशपत्र घेतानाच त्यावर दुसऱ्यांदा प्रवेश करता येईल अशी तजवीज करावी. एकदाच प्रवेश देणारे पत्र उयुनीस जाताना खर्ची पडलेले असते. तिसरी, वेळ. हा नाका अहोरात्र उघडा नसतो. त्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्या, आणि बंद असता आजारी माणसास पलीकडे कसे नेतात हे चालकास व वाटाड्यास निघण्यापूर्वी विचारावे. प्राणवायूची नळकांडी जवळ असणे चांगले. पण ती उतरण्याच्या वेळेपर्यंत तगवून धरते, उतरण्याची जागा घेत नाही.

सुचविलेल्या वळशाचे प्रयोजन आता स्पष्ट होईल. जाण्याची वाट लांबची, येण्याची जवळची. वर चढताना शरीरास दिवस द्यावयाचे, आणि खाली येताना एक तासही वाया घालवावयाचा नाही. म्हणून योजनेच्या कागदावर प्रथम उतरण्याची वाट लिहावी आणि मग चढण्याची.

लक्षणेही येथेच सांगितली पाहिजेत. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना उडणे, थकवा, झोप न येणे ही सौम्य रूपाची चिन्हे होत. ती असेपर्यंत त्याच उंचीवर थांबावे, वर जाऊ नये. ती वाढू लागली तर उतरावे. चालताना तोल जाणे, टाचेस चवडा लावून सरळ रेषेत पावले टाकता न येणे, बोलण्यात गोंधळ होणे ही मेंदूस सूज आल्याची चिन्हे आहेत. स्वस्थ बसले असता धाप लागणे व खोकला ही फुप्फुसांत पाणी साठू लागल्याची. ह्या दोन्हींत सकाळची वाट पाहावयाची नसते.

५. पाणी, थंडी, ऊन

अताकामा इतके कोरडे असण्याची कारणे परिचित आहेत. पश्चिमेस किनाऱ्यालगत वाहणारा थंड हंबोल्ट प्रवाह, वर स्थिरावलेला उच्च दाबाचा पट्टा, आणि पूर्वेकडील बाष्प अडविणारी अँडीजची भिंत. परिणाम असा की, ५९२० मीटर उंचीच्या ह्या पर्वतावर हिमनदी नाही. हिमालयात गिर्यारोहक बर्फ वितळवून पाणी करतात. येथे त्यावर विसंबता येत नाही. सरोवरांचे पाणी खारे आहे आणि लागुना व्हेर्देच्या पाण्यात विषारी क्षारही आहेत. म्हणून पिण्याचा प्रत्येक थेंब मोटारीतून आणावयाचा आणि शिखराच्या दिवशी पाठीवर वाहावयाचा. माणशी तीन ते चार लिटर धरावे. म्हणजे तीन ते चार किलो ओझे केवळ पाण्याचे. कोरड्या हवेत घाम दिसत नाही आणि श्वासावाटेही शरीरातील पाणी जाते, त्यामुळे तहान नसली तरी प्यावे. ह्याच पट्ट्यात दक्षिणेस ६७३९ मीटर उंचीचा ल्युल्याइल्याको नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या नावाची केचुआतील एक रूढ व्युत्पत्ती ‘फसवे पाणी’ अशी दिली जाते. ती बरोबर असो वा नसो, प्रवाशाने ती खरी मानून चालावे.

पहाटे पायथ्याशीही तपमान गोठणबिंदूच्या खाली असते. वर वाऱ्यामुळे थंडी अधिक बोचते. बाटली लोकरी कपड्यात गुंडाळून उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूस प्रथम धरते. त्यामुळे बूच मोकळे राहते. आणि त्याच दिवशी दुपारी ऊन इतके प्रखर असते की, उघडी कातडी भाजते. २९ डिसेंबर २००३ रोजी ह्याच शिखरावर ठेवलेल्या उपकरणाने अतिनील किरणांचा निर्देशांक ४३.३ असा नोंदविला. ११ हा आकडासुद्धा ‘अत्यंत तीव्र’ समजला जातो. काळा चष्मा येथे प्रतिष्ठेची वस्तू नसून दृष्टी राखण्याची आहे.

ऋतूच्या बाबतीतही स्थानिक शब्दप्रयोग पंचांगाहून अधिक विश्वासाचा ठरतो. दक्षिण गोलार्धात जानेवारी ते मार्च हा उन्हाळा. परंतु ह्या पठारावर त्या काळास ‘पठारी हिवाळा’ असे म्हणतात; कारण तेव्हा ॲमेझॉनच्या बाजूने बाष्प येऊन विजा, गारा आणि बर्फ पडते. खरा हिवाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट, कोरडा पण कडाक्याचा व वादळी वाऱ्यांचा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने त्या मानाने बरे.

६. शिखराचा दिवस

वाटाड्यासह पहाटे दोन-तीनच्या सुमारास निघतात. मोटार सुमारे ४६०० मीटरांपर्यंत जाते. पुढे १३०० मीटर चढण. ह्या हवेत व ह्या घसाऱ्यावर तासाला २०० मीटर ही चांगली गती होय. म्हणजे साडेसहा ते सात तास, विश्रांतीसह आठ. उतरावयास तीन-चार तास. दुपारनंतर वारा वाढतो. ह्यावरून परतण्याची वेळ ठरते : दुपारचे बारा वाजले की जेथे असू तेथून मागे फिरावयाचे, शिखर समोर दिसत असले तरी.

ही वेळ आदल्या दिवशी कागदावर लिहून सर्वांनी मान्य करावी. ह्याचे कारण मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो. काही वर्षांपूर्वी लडाखी भाषेतील शब्द जमविण्यासाठी मी विमानाने लेह येथे उतरलो. लेहची उंची सुमारे ३५०० मीटर. विश्रांती घ्या, असे यजमानांनी परोपरीने सांगितले. परंतु मला काही होत नाही ह्या समजुतीने त्याच संध्याकाळी मी वही घेऊन बसलो. दोन तास शब्द लिहून घेतले आणि काम उत्तम झाले असे वाटले. तिसऱ्या दिवशी वही उघडून पाहतो तो, एकच शब्द तीन वेगळ्या प्रकारांनी लिहिलेला. अल्पप्राण व महाप्राण ह्यांतील भेद, ज्यासाठी मी तेथे गेलो होतो, निम्म्या ठिकाणी पुसलेला. ध्वनिलेखन हा माझा वीस वर्षांचा व्यवसाय. चूक झाली ह्याचे मला वाईट वाटले नाही. चूक होत असताना ती मुळीच जाणवली नाही, ह्याची भीती वाटली. त्या दिवशी चुकीची किंमत एक वही होती. ५९०० मीटरांवर, मागे फिरावयाचे की नाही हा निर्णय त्याच मंदावलेल्या बुद्धीस करावयाचा असतो. म्हणून तो खालीच, सान पेद्रोच्या हवेत, करून ठेवावा.

७. लोक

योजनेचे शेवटचे कलम परवानगीचे. लागुना व्हेर्दे हे एदुआर्दो आव्हारोआ ह्या संरक्षित प्रदेशात येते. तेथे प्रवेशशुल्क आहे, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय पर्वतावर जाऊ नये. चिलीच्या बाजूने चढण्याचा विचार करू नये. १९७० नंतरच्या काळात, शेजारी देशांशी तणाव असताना, चिलीने ह्या सीमेवर सुरुंग पेरले होते. ते काढण्याचे काम पूर्ण झाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. तरीही रुळलेली वाट सोडणे शहाणपणाचे नव्हे. पर्वत कोणता जागा आहे व कोणता निद्रिस्त, हेही विचारून घ्यावे. लिकांकाबुरचा उद्रेक इतिहासकाळात नोंदलेला नाही. परंतु आग्नेयेस असलेल्या लास्कारचा १९९३ मध्ये मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतरही तो अधूनमधून धुमसत असतो. सराव म्हणून लास्कार चढण्याची पद्धत आहे. तसे करण्यापूर्वी चिलीच्या भूगर्भखात्याची सूचना पाहणे अवश्य आहे.

परंतु परवानगी केवळ सरकारची नसते. १९९९ मध्ये योहान राइनहार्ड व कोन्स्तान्सा सेरुती ह्यांच्या पथकास ल्युल्याइल्याकोच्या शिखराजवळ इंकांनी बळी दिलेल्या तीन मुलांचे देह, कोरड्या थंडीने जसेच्या तसे राहिलेले, सापडले. आज ते आर्जेंटिनातील साल्ता येथील संग्रहालयात आहेत, आणि ते प्रदर्शनात मांडावे की नाही ह्याविषयी तेथील मूळ रहिवाशांनी आक्षेप घेतलेले आहेत. ह्या शिखरांवरील दगडांची रास ही नुसती रास असेलच असे नाही. लिकांकाबुरच्या विवराकाठचे दगड हलवू नयेत, आठवण म्हणून उचलू नयेत. वाटाड्या चढण्यापूर्वी भूमीस काही अर्पण करीत असेल तर तेवढा वेळ स्वस्थ उभे राहावे. ज्या भाषेने ह्या पर्वतास ‘आमच्या लोकांचा’ म्हटले ती भाषा बोलणारे उरले नाहीत. ज्यांचा तो पर्वत, ते लोक मात्र आहेत.

हे सर्व मी त्या दोघा विद्यार्थ्यांस सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. एवढी रजा मिळणार नव्हती आणि पैसाही नव्हता. ‘‘सहा दिवसच असतील तर?’’ एकाने विचारले. सहा दिवस असतील तर सान पेद्रो येथे राहावे, दिवसा वर जाऊन रात्री खाली यावे, आणि पर्वत खालून पाहावा; तेथील लोक तो बहुधा तसाच पाहतात. शिखरासाठी दोन आठवडे जमतील त्या वर्षी जावे. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवा कागद आणला. त्यावर सर्वांत वर हितो काहोन नाक्याच्या वेळांसाठी एक रकाना काढलेला होता, आणि तो अजून भरावयाचा होता.